मधली दोन घरं

इंजिनाचा आवाज आला की कुमुद चहाचं आधण ठेवायची. हा आठ हिवाळ्यांचा नेम. त्या दिवशी आवाज आलाच नाही. एक कण्हणं ऐकू आलं, मग दुसरं, आणि मग टक् करून सगळं थांबलं. बाहेर धुकं इतकं दाट की दारातली तुतीसुद्धा दिसत नव्हती. कुमुदनं हातात पातेलं तसंच धरून मागं बघितलं. दिनकर अंथरुणात उठून बसला होता, मान एका अंगाला कलती करून.

"बॅटरी गेली," तो म्हणाला.

"अहो, थंडी केवढी पडलीय. इंजिन गारठलं असेल."

"गारठलेलं इंजिन जड फिरतं. हे फिरलंच नाही. बॅटरीच गेली, कुमुद." आणि घरातलंच कुणी गेल्याची तार यावी तसा तो पांघरुणावर हात टेकून नुसता बसून राहिला.

तो जानेवारी होता एकोणऐंशीचा. दिल्लीच्या उत्तरेला, नरेल्याच्याही पुढे, यमुनेच्या खादरात बियाण्यांचा सरकारी फार्म होता. नदीकाठची सपाट जमीन, थंडी अडवायला मध्ये काही नाही. जानेवारी सरता सरता तिथं पाला, म्हणजे गोठलेलं दंव, पडायचा आणि वाटाण्याची सोन्यासारखी रोपं सकाळी बघावी तर उकडल्यासारखी काळी. त्याला उपाय एकच. उजाडायच्या आत वाफ्यांना बोअरचं पाणी द्यायचं. ते कोमट असतं, त्याच्या उबेनं पीक तगतं. फार्मवर वीज होती ती दिव्यांपुरती आणि बॅटऱ्या चार्ज करण्यापुरती. बोअर चालायचा डिझेल इंजिनावर, आणि ते धूड हॅंडल मारून सुरू करायचं तर दोन रेडे जुंपावे लागले असते. त्याला जागं करायची ती बॅटरीनंच.

शेवटी रामफळ ड्रायव्हरनं ट्रॅक्टर आणून त्याची बॅटरी जोडली. त्यात तास गेला. तेवढ्यात नदीकडचे तीन वाफे हातचे गेले.

आता या दिनकर घोलपाविषयी सांगायला हवं. माणूस मूळचा मिरजेकडचा, सव्वीस वर्षं केंद्र सरकारच्या नोकरीत, हुद्दा बॅटरी अटेंडंट. म्हणजे साहेबलोकांच्या लेखी शून्य. फार्मवर इंजिनाची, ट्रॅक्टरांची, जीपची, औषध फवारायच्या यंत्रांची अशा अकरा बॅटऱ्या होत्या आणि त्या अकरा त्याच्या हाताखाली वाढत होत्या, असंच म्हणायला पाहिजे. दुसऱ्या फार्मांवर बॅटरी तीन वर्षांत भंगारात जाते. इंजिनाची ही बॅटरी आठ वर्षांची होती. काळ्या रबराची जड पेटी, वर सहा बुचं, बुचांखाली सहा घरं, म्हणजे सेल. दिनकर तिच्या डोक्यावर धुळीचा कण राहू द्यायचा नाही. टर्मिनलला पांढरी बुरशी दिसायचा अवकाश, सोड्याचं पाणी, जुना दात घासायचा ब्रश, मग फडकं, मग व्हॅसलीनचं बोट. रिकामी झालेली बॅटरी संध्याकाळच्या आत चार्जरवर चढलीच पाहिजे, ती तशी राहिली की प्लेटा कडक होतात. आणि जी यंत्रं महिना महिना उभी असतात त्यांच्या बॅटऱ्यांनाही तो खोलीत आणून खाऊपिऊ घालायचा. "बसून राहणारीच आधी मरते," म्हणायचा. रामफळ हसायचा. "बाबूजी, इतनी सेवा तो मैं अपनी भैंस की भी ना करूँ."

पण गेली दोन वर्षं एक गोष्ट फार्मवर कुणालाच ठाऊक नव्हती. दिनकरला दिसत नव्हतं. काचबिंदू. दिल्लीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळा. माणूस उभा आहे एवढं कळायचं, चेहरा कळायचा नाही. बॅटरीतलं अ‍ॅसिड काचेच्या नळीत ओढून आतल्या तरंगत्या कांडीवरचा आकडा वाचायचा असतो, आकडा मोठा तेवढं घर भरलेलं. हायड्रोमीटर म्हणतात त्याला. ते आकडे त्याला दिसणं शक्यच नव्हतं. ते वाचायची कुमुद. रोज सकाळी एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात कंदील घेऊन ती त्याच्यामागून बॅटरीच्या खोलीत जायची. फार्मवरच्या बायका म्हणायच्या, घोलपबाईंचं नवऱ्यावर भारी प्रेम, चहासुद्धा जागेवर पोचवतात. आत कुमुद आकडे वाचायची, पाणी घालायची, रजिस्टरात लिहायची आणि खाली दिनकरच्या सहीसारखी सही करायची. निवृत्तीला दोन वर्षं होती. लेकीचं, नीलाचं, कॉलेज संपायलाही तेवढीच. नजर गेल्याचं कळलं तर नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर डोक्यावरचं क्वार्टर. एवढं साधं गणित होतं ते.

पहिल्यांदा तिनं बूच काढून आत डोकावून बघितलं तेव्हा तिची निराशाच झाली होती. भोकात थोडं पाणी, पाण्याखाली करड्या प्लेटांच्या कडा. "यात आहे काय एवढं? काही हलतसुद्धा नाही." तेव्हा दिनकरनं तिचा हात धरून पान्ह्याचं टोक दोन्ही टर्मिनलांवर नुसतं टेकवलं होतं. फटकन निळी ठिणगी उडाली, लोखंडाला खड्डा पडला आणि कुमुद किंचाळून दोन पावलं मागं गेली. "हे रोज करायचं नाही," तो म्हणाला, "पण आत कोण बसलंय ते एकदा कळलेलं बरं." त्या दिवसापासून ती त्या पेटीजवळून जाताना आवाज न करता जायची, झोपलेल्या मुलाजवळून जावं तशी.

तो तिला आणखी एक गोष्ट सांगायचा. चार्जिंग चालू असताना बुचाशी कान लावायचा आणि म्हणायचा, ऐक. ती ऐकायची. खळखळ, बुळबुळ, सगळं सारखंच. "मला नाही बाई काही कळत," म्हणायची आणि नळी हातात घ्यायची. आकडा बरा. आकडा डोळ्यांना दिसतो.

आणि आता गेले पंधरा दिवस त्या आकड्यांनी तिची झोप उडवली होती. संध्याकाळी बॅटरी भरून ठेवावी, सकाळी चार घरं ठणठणीत आणि मधली दोन उतरलेली. तिसरं आणि चौथं. रोज थोडी जास्त. दिनकरनं जोड घासले, पट्ट्या आवळल्या, पेटीचा तळ चाचपून चीर शोधली. काही नाही. आणि आज त्या दोन घरांनी दगा दिला.

चार वाजता अरोरा साहेब आले. नवीन माणूस, तिशीचा, अंगात लोकरीचा कोट, बुटांना चिखल. सकाळपासून त्या काळ्या पडलेल्या वाफ्यांत फिरून आलेले. वाईट माणूस नव्हता, पण पिकाचं वाटोळं झालेलं बघून आला होता. बॅटरी चार्जरवर होती. कुमुद किटली घेऊन दारात उभी राहिली, आत जावं की नको या विचारात.

"घोलपजी, रजिस्टर में लिखा है आठ साल. आठ साल बैटरी चलती है कभी?"

"चलती है साहब. संभालें तो चलती है."

"तो आज क्यों नहीं चली?" साहेबांनी भिंतीवरचा हायड्रोमीटर काढला आणि त्याच्यापुढे धरला. "मेरे सामने रीडिंग लो. छहों की. मैं भी देखूँ, आठ साल से आप क्या देख रहे हैं."

दिनकरनं हात पुढे केला तो नळीच्या वीतभर डावीकडे. साहेबांचं लक्ष बॅटरीकडे होतं म्हणून निभावलं. रामफळनं मात्र ते पाहिलं आणि मान खाली घातली. दिनकरची बोटं हवेत थोडी फिरली, मग त्यानं हात मागं घेतला.

"साहब, आप पढ़िए. मैं पहले बता देता हूँ."

"मतलब?"

दिनकर बॅटरीपाशी उकिडवा बसला, मफलर कानावरून काढला आणि पहिल्या बुचाशी कान नेला. खोलीत चार्जरची घूं घूं, बाहेर कुठेतरी म्हैस ओरडत होती. मग दुसऱ्या बुचाशी. तिसऱ्याशी जरा जास्त वेळ. घरं जोडणाऱ्या वरच्या पट्ट्यांवरून त्यानं तळहात फिरवला, ताप बघावा तसा. सहाही घरं झाली तेव्हा तो उठला. गुडघे कटकन वाजले.

"पहिला, बारह सौ चालीस. दुसरा, वही. पाँचवा, छठा, चालीस से पाँच ऊपर. तिसरा बीमार है. साठ से ऊपर नहीं होगा. ग्यारह सौ साठ. चौथा, ग्यारह सौ अस्सी."

साहेब हसले. हसत हसतच त्यांनी पहिलं बूच उघडलं, रबराचा फुगा दाबून नळी आत सोडली, अ‍ॅसिड ओढलं आणि नळी उजेडाकडे धरली. बाराशे चाळीस. दुसरं, तेच. मग त्यांचं हसू गेलं. तिसऱ्याला कांडी खाली बुडाली आणि त्यांनी नळी डोळ्याशी नेली, लांब नेली, परत जवळ नेली. अकराशे साठ. चौथ्याला अकराशे पंच्याऐंशी. पाचव्या-सहाव्याला बाराशे पंचेचाळीस. पाचाचा फरक, तोही चौथ्यातच.

रामफळनं "ओ तेरी," म्हटलं आणि हात तोंडावर घेतला.

कुमुद तिथंच चौकटीला धरून उभी होती. दोन वर्षं ती याला आकडे वाचून दाखवत होती. हा आपल्या डोळ्यांवर चाललाय असं तिला वाटत होतं, खरं सांगायचं तर थोडी ऐटही होती त्याची तिच्या मनात. आणि हा माणूस दोन वर्षं तिचे आकडे ऐकून आपले कान पारखून घेत होता. आपलाच नवरा तिला त्या क्षणी परका आणि फार मोठा वाटला.

"कैसे?" साहेबांनी एवढंच विचारलं.

"अच्छा घर पहले चुप रहता है साहब. चुपचाप खाता है. पेट भरता है तब बोलता है, महीन आवाज में. ये दो सुबह से बोल रहे हैं, मोटा मोटा. और पेट खाली है." दिनकरनं चार्जरच्या वायरीला हात लावला. "चार्जर निकाल दो तब भी बोलते रहते हैं. सब बता सकता हूँ. पर क्यों, ये नहीं पता. छब्बीस साल हो गये, और मुझे नहीं पता."

कुमुदला ते सहन होईना. नोकरी जाईल ही भीती वेगळी, आणि हा माणूस परक्यांसमोर आपण हरलो म्हणतो, हे वेगळं.

"बाकी चारों ठीक, तो इन दो में अलग क्या हुआ?" साहेब विचारत होते. "धूप? तेल? किसी ने कुछ डाला इनमें?"

डाला. हा शब्द कुमुदच्या डोक्यात जाऊन बसला. मधली दोन घरं जास्त तापतात म्हणून जास्त पितात. थंडी पडल्यापासून बाकीच्यांना पाणी लागलंच नव्हतं. तिनं पाणी घातलं होतं ते फक्त या दोघांत. संक्रांतीपासून. आणि संक्रांतीच्या दिवशी...

दर संक्रांतीला दिल्लीतली पंधरावीस मराठी घरं बस करून पानिपतला जायची, काला अंबच्या स्मारकाला फूल वाहायला. वाटेत फार्मच्या फाट्यावरून घोलप जोडप्याला घ्यायची. त्या सकाळी कुमुद काठापदराचं लुगडं नेसून तयार, बस हॉर्न वाजवतेय, आणि रामफळ दारात हटून उभा. डेपोतून आणलेल्या डिस्टिल्ड पाण्याचा काचेचा बुधला त्याला त्याच दिवशी परत न्यायचा होता. "खाली कर दो भाभीजी, नहीं तो मेरे नाम चढ़ेगा." घरातल्या प्लॅस्टिकच्या डब्याला रॉकेलचा वास. पत्र्याच्या बादलीला गंज, आणि लोखंड चालत नाही हे तिला पाठ होतं. मग तिची नजर गेली कोनाड्यातल्या घागरीवर. तिच्या आईची तांब्याची घागर. गौरीला पाणी तिच्यातूनच जायचं. कालच चिंच आणि मीठ लावून घासलेली, आरशासारखी. शुद्ध पाण्याला याहून शुद्ध भांडं कुठलं आणायचं? दिनकरनं आतून विचारलंही होतं, "कशात ओततेस?" "भांड्यात." "स्वच्छ आहे ना?" "तुमच्या देवांपेक्षा स्वच्छ आहे," म्हणत ती बसकडे धावली होती.

आता चौकटीपाशी ती हिशोब करत होती. गप्प बसावं, तर नवरा हरलेला. बोलावं, तर पाणी घालणारी कोण, हा प्रश्न पुढं उभा. दोन्हीकडून मरण. पण दिनकर तिथं खाली मान घालून उभा होता, आणि ती बोलून गेली.

"साहेब, पानी मैंने डाला. तांबे की घागर में रखा था. चिंच... वो इमली से मांजी हुई."

दिनकरची मान वर झाली. "तांबं?" तो मराठीतच म्हणाला. "अगं, तांबं?"

"तुम्ही म्हणालात लोखंड नको, विहिरीचं नको, हात नको. तांब्याचं काही बोलला नव्हतात!"

"मी म्हणालो होतो काच." आणि मग तो हसायलाच लागला, डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. "काचच म्हणालो होतो गं मी. तांब्याचा कण प्लेटेवर जाऊन बसतो. मग घराला बाहेरचा शत्रू लागत नाही, ते आतल्या आत स्वतःला खातं. तेच बोलत होतं ते! रिकाम्या पोटी तेच बोलत होतं."

साहेब दोघांच्या तोंडाकडे बघत होते. भाषा कळली नसली तरी बाकी सगळं कळलं असावं. ते दिनकरच्या अगदी समोर आले आणि त्याच्या डोळ्यांपुढून हळूच हात फिरवला. पापणी लवली नाही.

"रीडिंग कौन लेता है, घोलपजी?"

दिनकर सरळ उभा राहिला. "ये लेती हैं. दो साल से. मुझे नहीं दिखता साहब."

रामफळ पायानं जमीन उकरत होता. साहेबांनी रजिस्टर उघडलं, मागं गेले, आणखी मागं गेले, मग मिटलं.

"रेडियो कहता है परसों सुबह फिर पाला है," ते म्हणाले. "परसों सुबह ये इंजन इसी बैटरी पर चालू होगा, तो बाद की बात बाद में. नहीं हुआ, तो नई बैटरी आयेगी. और नया आदमी भी. मुझे बीज बचाना है, घोलपजी." जाताना ते दाराशी कुमुदसाठी जरा बाजूला सरले. तेवढं तिनं पाहिलं, पण त्याचा अर्थ काय घ्यावा ते तिला समजेना.

त्याच संध्याकाळी रामफळ नरेल्याला जाऊन डिस्टिल्ड पाण्याच्या बाटल्या घेऊन आला. काचेच्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण प्रत्येक बाटलीला त्यानं स्वतःच्या गमछ्याचा तुकडा गुंडाळला होता. "टूट जाती तो मैं मुँह दिखाता के?" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच नवराबायकोचं काम सुरू झालं. रबरी फुग्यानं तिसऱ्या घरातलं अ‍ॅसिड घोटाघोटानं बाहेर काढायचं, मातीच्या कुंडीत सोडायचं, नवं पाणी भरायचं, पेटी दोघांनी धरून हलके हलके डोलवायची, परत उपसायचं. पेटी पस्तीस किलोची. कुमुदच्या कमरेत कळ जायची, पण बोलायची सोय नव्हती, कारण पलीकडची बाजू दिनकरनं धरलेली आणि तो छप्पन्न वर्षांचा माणूस धापा टाकत होता. तीन वेळा धुतलं. मग चौथं घर, तेही तीन वेळा. एक थेंब तिच्या मनगटावर उडाला, लगेच सोड्याच्या पाण्यात हात बुडवला तरी भाजायचं ते भाजलंच. लुगड्याला मोहरीएवढी भोकं पडली. नवं अ‍ॅसिड दिनकरनं स्वतः बनवलं, चिनी मातीच्या बरणीत, पाण्यात अ‍ॅसिडची बारीक धार सोडत. "उलटं कधी करायचं नाही, उसळून तोंडावर येतं," हे तो शंभराव्यांदा म्हणाला आणि तिनं शंभराव्यांदा "हो" म्हटलं. बरणी हळूहळू तापत गेली. नुसतं पाणी आणि नुसतं अ‍ॅसिड, दोन्ही गार. चूल नाही की विस्तव नाही, आणि बरणीला हात लावावा तर चटका. कुमुद बघतच राहिली.

"सगळं धुऊन निघालं का हो?"

"प्लेटेला धरून बसलंय ते नाही निघणार. वरवरचं निघालं. आता तिची ती बघून घेईल."

नऊ वाजता चार्जर लावला. दहा वाजले, अकरा वाजले. बाकीची चार घरं बारीक आवाजात बोलायला लागली. तिसरं गप्प. चौथं गप्प. बारा, एक. कुमुदनं चार वेळा बूच काढून बघितलं. बुडबुडा नाही. तिचा धीर सुटला.

"मेली हो दोन्ही. काहीच होत नाहीये आत."

"गप्प आहेत?"

"अगदी गप्प."

"पट्ट्या कोमट लागतायत?"

तिनं हात लावला. "लागतायत."

"मग मेली नाहीत. जेवतायत." दिनकरनं हात चाचपत तिचं मनगट धरलं आणि तिला शेजारी बसवलं, जिथं भाजलं होतं ती जागा बरोबर सोडून. "आकडा सोड आता. ऐक."

ती बसली. किती वेळ बसली कोण जाणे. जमिनीचा गारठा पायातून वर चढत होता, कान बुचाशी, डोळे मिटलेले. आधी नेहमीसारखंच सगळं एकत्र. चार्जर, दुसऱ्या घराची खळखळ, स्वतःच्या नाकपुड्यांतला वारा. मग त्यातलं एकेक तिनं बाजूला काढलं, तांदळातले खडे वेचावेत तसं. आणि त्या सगळ्याच्या खाली, तिसऱ्या घरात, काहीच नव्हतं. पण ते काहीच नसणं रिकामं नव्हतं. भरल्या ताटावर बसलेलं पोर जसं बोलत नाही तसं होतं. आणि तीन वाजायच्या सुमाराला त्या शांततेत एक बारीक, अगदी बारीक आवाज उठला. तव्यावर पाण्याचा शिंतोडा पडला की येतो, त्याच्याही दसपट हलका.

"बोललं!" कुमुद ओरडली. "अहो, तिसरं बोललं!"

"मला मघाशीच आलं ऐकू," दिनकर म्हणाला. "म्हटलं, बघू तुला येतंय का."

"काय माणूस आहात हो तुम्ही!" म्हणून तिनं त्याच्या दंडावर चापट मारली आणि मग तिथंच, त्या अ‍ॅसिडच्या वासात, तोंडाला पदर लावून रडली. संध्याकाळी चार्जर काढला. दिनकर म्हणाला, आता रात्रीत स्वतःला खाल्लं नाही तर जिंकलो. सकाळी कळेल.

सकाळी पाला पडलाच. फार्मच्या गवतावर मीठ पसरल्यासारखं दिसत होतं आणि तोंडातून वाफ निघत होती. पंपघरात कंदिलाच्या उजेडात रामफळ, अरोरा साहेब, आणखी दोन पाणी धरणारे मजूर उभे होते. कुमुदनं या वेळी किटली आणली नव्हती. तिनं हायड्रोमीटर काढला, तर थंडीनं काच आतबाहेर धुरकटलेली. पुसली, परत धुरकटली. आकडा कुणालाच दिसेना, डोळे असलेल्यांनाही नाही. साहेबांनी काडी ओढली, त्यांनाही वाचता आलं नाही.

मग कुमुद खाली बसली. पदर कानावरून मागं घेतला आणि सगळ्यांच्या देखत बुचाशी कान नेला. पहिलं, गप्प. दुसरं, गप्प. तिसऱ्याशी ती थांबली, श्वास धरून. परवापर्यंत हे घर चार्जर काढल्यावरही रात्रभर बडबडत होतं. आता काही नव्हतं. निजलेल्या घरासारखी शांतता. चौथ्यात एक बुडबुडा, मग बऱ्याच वेळानं दुसरा.

"तिसरं टिकलंय," ती दिनकरकडे बघून म्हणाली. "चौथं थोडं कुरकुरतंय, पण आहे. चालेल." आणि मग साहेबांना, "चलेगा साहेब. लगाइये."

रामफळनं एकदा बॅटरीला हात जोडले आणि चावी फिरवली.

इंजिन कण्हलं. एकदा, जडपणानं. दुसऱ्यांदा फिरलं, आणि तिसऱ्यांदा त्या काळ्या, मुक्या पेटीनं, जिच्यात काही हलत नव्हतं, त्या दोन टनांच्या लोखंडाला मानगुटीला धरून फिरवलं. धाड् करून आवाज झाला, भिंतीवरची धूळ पडली, धुराचा लोट दारातून बाहेर गेला आणि इंजिन लागलं. मजूर ओरडत वाफ्यांकडे पळाले. पाइपातून पाणी उसळलं, कोमट, आणि गारठलेल्या हवेत त्याची वाफ व्हायला लागली. पाणी पाटातून पुढे गेलं तशी वाफ पुढे गेली. धुक्यात धुकं मिसळत गेलं आणि आख्ख्या शेतावर एक पांढरं, हलणारं, उबदार काहीतरी पसरलं. पंधरा वर्षं कुमुद या फार्मवर होती. तिनं हे असं कधी बघितलं नव्हतं, कारण या वेळी ती नेहमी चुलीपाशी असायची.

"काय दिसतंय?" दिनकरनं विचारलं.

"वाफ," ती म्हणाली. "सगळीकडे वाफ. नदीपर्यंत."

"हिरवं आहे?"

"हिरवं आहे."

अरोरा साहेब आत जाऊन रजिस्टर घेऊन आले, आजचं पान उघडलं आणि पेन कुमुदपुढे धरलं. "आज की रीडिंग लिखिये. जो सुनी, वही लिखिये." आणि मग, "साइन अपनी कीजिये. कल से मस्टर पर नाम दोनों का रहेगा. दिहाड़ी ही, रोज़ की मज़दूरी, दे सकता हूँ."

कुमुदची बोटं गारठली होती. सहा ओळी तिनं भरल्या. सहीच्या जागेवर सवयीनं पेन दिनकरच्या सहीच्या वळणाला लागलं आणि थांबलं.

"लिही की," दिनकर म्हणाला. "दोन वर्षं माझ्या नावाचं अक्षर बिघडवलंस, आता स्वतःचं बिघडव."

तिनं लिहिलं. कुमुद दिनकर घोलप. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येत होतं.

घरी परत आल्यावर दिनकर ओट्यावर बसला आणि म्हणाला, तहान लागलीय. कुमुद कोनाड्यापाशी गेली. घागर तिथंच होती. ते संक्रांतीपासूनचं पाणी तिनं आदल्याच दिवशी ओतून टाकलं होतं, घागर पुन्हा घासून हापशाचं भरून ठेवली होती, पण कुणी तिला हात लावला नव्हता. तिनं जरा विचार केला, मग पेला भरला आणि त्याच्या हातात दिला. दिनकरनं एक घोट घेतला आणि थांबला.

"घागरीतलं?"

"हो. चालेल ना?"

"मी काय बॅटरी आहे?" तो म्हणाला, आणि सगळा पेला एका दमात पिऊन त्यानं दुसऱ्यासाठी हात पुढे केला.